परत कधी?

आखातातून सुट्टीवर आलेल्या माणसाला पहिल्या दोन दिवसांत एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो. सलाम होतो, मुसाफहा होतो, सरबताचा ग्लास हातात येतो आणि समोरचा विचारतो, "मग, परत कधी?" म्हणजे जाणार कधी. विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. सुट्टी किती दिवसांची आहे, जेवायला कधी बोलवावं, एवढंच त्याला हवं असतं. पण ज्याला हा प्रश्न तीस वर्षं विचारला गेला, त्याच्या कानाला तो कसा लागत असेल, याचा विचार आम्ही कधी केला नव्हता. गेल्या जानेवारीत पनवेलला दोन दिवस एकत्र राहिलो, तेव्हा तो आमच्यासमोर आला.

आम्ही सहा जण माणगाव तालुक्यातल्या एकाच शाळेतले. १९८६ साली दहावी झालो आणि पांगलो. एक महाडला मास्तर झाला, एक माणगावात डॉक्टर. एक पुण्यात हिशेबनिसाचं काम करतो, एक मुंब्र्यात राहतो. एकाचं पनवेलला हार्डवेअरचं दुकान आहे. तो तरुणपणी कुवेतला होता म्हणून आजही आमच्यात ‘कुवेती’च आहे. आणि सहावा रियाधला. तो १९९६ साली गेला, अजून तिथेच आहे. त्याची बायको-मुलं मात्र पनवेलला फ्लॅटमध्ये राहतात.

भेटायचं कुठे, यावर आम्हाला कधी वाद घालावा लागत नाही. पनवेल म्हणजे आमचं नाकं. महाडची एसटी इथे येते, माणगावहून कोकण रेल्वेची गाडी इथे येते, पुणेकर द्रुतगती मार्गाने उतरतो तो इथेच, आणि मुंब्रेकर तळोज्यावरून तासाभरात पोहोचतो. आमच्या लहानपणी मुंबईला जाताना एसटी पनवेलच्या स्टँडवर थांबायची, लोक चहा प्यायला उतरायचे. मुक्काम कुणी करत नसे. आज माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन, महाडकडच्या कितीतरी घरांचा मुक्काम पनवेल-तळोज्यालाच आहे. २०१६ साली इथे महानगरपालिका झाली, रायगड जिल्ह्यातली पहिली. गेल्या ८ ऑक्टोबरला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं, तेही इथून हाकेच्या अंतरावर. ज्या गावात आपण चहापुरते थांबायचो, तिथूनच आता विमानं उडतात.

दिवस ठरवतानाच पहिली गंमत झाली. आम्हाला शनिवार-रविवार हवा होता. रियाधवाला म्हणाला, "माझा आठवडा तुमच्यासारखा नाही. मी गेलो तेव्हा सुट्टी गुरुवार-शुक्रवार होती, २०१३ पासून शुक्रवार-शनिवार झाली. रविवारी माझं ऑफिस सुरू. सुट्टीवर असलो तरी फोन येणार." आम्ही म्हटलं, येऊ दे. जुम्याची नमाज आपापल्या गावी पढून शनिवारी सकाळी सगळे निघालो.

कुवेतीची कर्नाळ्याच्या बाजूला थोडी शेतजमीन आहे. तिथून किल्ल्याचा सुळका दिसतो, अंगठा वर केल्यासारखा. थंडीचे दिवस, वालाच्या शेंगा आलेल्या, म्हणजे पोपटीशिवाय दुसरं काही होणार नव्हतं. रायगडच्या वाचकांना पोपटी सांगायला नको, पण मराठवाड्या-विदर्भातल्या वाचकांसाठी सांगतो. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला घालायचा. त्यावर मीठ-ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी आणि केळीच्या पानात गुंडाळलेली, मसाला लावलेली कोंबडी असे थर द्यायचे. तोंड पुन्हा पाल्यानेच घट्ट बंद करायचं आणि मडकं उलटं ठेवून भोवती पेंढा, काटक्या, गोवऱ्या पेटवायच्या. पाण्याचा थेंबही आत घालायचा नाही. पाल्याच्या आणि शेंगांच्या ओलाव्यावरच सगळं शिजतं. मडक्यावर पाण्याचा शिपका मारला आणि चर्रकन आवाज आला की समजायचं, झालं.

मग्रिबची नमाज झाली, शेकोटीभोवती बसलो. डॉक्टरने सवयीने विचारलं, "मग, परत कधी?" रियाधवाला शेंग सोलत होता. म्हणाला, "बावीस तारखेला." थोडा वेळ गेला. मग शेंग हातातच ठेवून म्हणाला, "तीस वर्षांत मला कुणी उलटं विचारलं नाही. कायमचा परत कधी येतोस, असं. तुम्हीसुद्धा नाही, घरच्यांनीसुद्धा नाही."

कुणी काही बोललं नाही. मग कुवेती बोलला.

त्याची हकिगत आम्हाला माहीत होती, पण त्याने ती कधी सलग सांगितली नव्हती. २ ऑगस्ट १९९० ला इराकचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं, तेव्हा तो विशीत होता, एका गोदामात हेल्पर. मालक निघून गेला, पगार बुडाला, बँका बंद. इराकमधून बसने जॉर्डनची हद्द, तिथे तंबूत दिवस काढणं, मग अम्मानहून एअर इंडियाचं विमान आणि मुंबई. त्या वर्षी सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना असं परत आणलं गेलं. "माझ्या हातात एक पिशवी होती," तो म्हणाला. "गावात लोक अम्मीला भेटायला यायचे ते मय्यतीला आल्यासारखे. पोरगा जिवंत घरी आला होता आणि घरात मातम. सहा महिने मी मोहल्ल्यात मान वर केली नाही. मग पनवेलला येऊन एका दुकानात खिळे मोजायला लागलो. आज स्वतःचं दुकान आहे, अल्हम्दुलिल्लाह. माझी परतायची तारीख सद्दामने ठरवली. तुझी तुला ठरवता येते, तर ठरव."

आखाताची ही गोष्ट आपण घराघरांत विसरलेलो असतो. आपल्या कोकणातली माणसं त्याआधीही बाहेर जात होती. जहाजांवर खलाशी म्हणून गेली, आफ्रिकेत गेली आणि काही तिकडचीच झाली. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले, आखातात कामं निघाली आणि घरटी एक माणूस तिकडे गेला. पण आखातात स्थायिक होता येत नाही. राहण्याचा परवाना नोकरीला बांधलेला, नोकरी संपली की परवाना संपला. नागरिकत्व आपल्यासारख्यांना जवळजवळ मिळतच नाही. तिथे तीस वर्षं राहिलेला माणूसही कागदोपत्री आलेला आणि जाणारा असतो. म्हणजे परतणं ठरलेलंच आहे. ठरलेली नसते ती फक्त तारीख. ती आपण ठरवली नाही, तर कंपनी ठरवते, आजार ठरवतो, लढाई ठरवते.

रियाधवाल्याची अडचण पैशाची नव्हती असं नाही. २००३ पासून बायको-मुलं त्याच्याजवळ होती. जुलै २०१७ पासून सौदी सरकारने परदेशी कामगारांच्या कुटुंबावर माणशी महिना १०० रियाल कर लावला आणि तो दर वर्षी शंभराने वाढून २०२० मध्ये ४०० होणार, हेही सांगून टाकलं. बायको आणि तीन मुलं मिळून चार माणसं, म्हणजे शेवटी महिन्याला १६०० रियाल. २०१८ च्या उन्हाळ्यात त्याने सगळ्यांना पनवेलला आणून ठेवलं आणि स्वतः चौघांच्या खोलीत एका खाटेवर राहायला गेला. आता थोरलीचं लग्न झालं आहे, मुलगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, धाकटी बारावीत.

"किती जमले की परत येशील?" पुणेकराने विचारलं.

"ते कुठे मोजलंय? दर सुट्टीत वाटतं, अजून दोन वर्षं."

"अजून दोन वर्षं" हे वाक्य प्रत्येक आखाती घरात ऐकू येतं. पुणेकराने गाडीतून वही आणली. शेकोटीच्या उजेडात दिसेना, तेव्हा मोबाइलची बत्ती लावली. आयुष्यभर लोकांचे हिशेब तपासणारा माणूस, त्याने रकाने पाडले.

पहिला रकाना, हातात येणारं. सौदी कामगार कायद्याप्रमाणे नोकरी संपताना मिळणारी रक्कम अशी मोजतात: पहिल्या ५ वर्षांसाठी दर वर्षी अर्ध्या महिन्याचा पगार आणि पुढच्या प्रत्येक वर्षासाठी एक महिन्याचा, तोही शेवटच्या पगारावर. एकाच मालकाकडे १० वर्षं पुरी झाली असतील, तर स्वतः राजीनामा दिला तरी पूर्ण रक्कम मिळते. आमचा मित्र या कंपनीत २००९ पासून आहे. २०२७ मध्ये १८ वर्षं होतील. पहिल्या पाचांचे अडीच महिने आणि पुढचे तेरा, असा साडेपंधरा महिन्यांचा पगार. तो वहीकडे बघतच राहिला. सगळे म्हणतात म्हणून त्याला वाटत होतं, राजीनामा दिला की अर्धंच मिळतं.

दुसरा रकाना बँकेचा. पुणेकराने सांगितलं, कायमचा परत आलास की एनआरई खातं तसंच चालू ठेवता येत नाही. बँकेला कळवून ते निवासी खात्यात बदलून घ्यायचं. परकीय चलन ठेवायचं असेल तर त्यासाठी आरएफसी नावाचं खातं असतं, त्यात ठेवायचं. एनआरईच्या व्याजावर आज आयकर लागत नाही, पुढे लागेल, ते धरूनच आकडा काढायचा.

तिसरा रकाना लोकांकडे असलेल्या पैशांचा होता. रियाधवाल्याने खिशातून जुनी डायरी काढली. शेवटच्या पानावर सात नावं होती. आमच्यापैकी कुणाचं नव्हतं, पण सगळी नावं आम्हाला ओळखीची होती. कुणाला रिक्षासाठी, कुणाला ऑपरेशनसाठी, कुणाला मुलीच्या लग्नासाठी. कशाचाही कागद नव्हता. मास्तर म्हणाला, "कुरआन शरीफमधली सर्वांत लांब आयत माहीत आहे ना? सूरह बकराची २८२ वी. ती उसनवारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. आणि तिच्या दोनच आयती आधी तंगीत असलेल्या कर्जदाराला मुदत द्यायला सांगितलं आहे, माफ केलं तर त्याहून चांगलं." मग त्या सात नावांचे तीन भाग झाले. दोन जण देऊ शकतात, त्यांच्याशी सुट्टी संपण्याआधी बसून हप्ते लिहून घ्यायचे. तिघांना मुदत. उरलेल्या दोघांची नावं त्याने थोडा वेळ पाहिली आणि स्वतःच त्यांच्यावर रेघ मारली. "यातली एक विधवा आहे," एवढंच म्हणाला. त्या दोन रकमा वजा केल्यावर पुणेकराने बेरीज पुन्हा केली.

चौथा रकाना घरखर्चाचा. रियाधवाला म्हणाला, महिन्याला साठ हजार लागतच असतील. मुंब्रेकर म्हणाला, "तू घरात राहतोस चाळीस दिवस. तुला काय माहीत? हा रकाना भाभींचा." तो आम्ही कोराच ठेवला. पोपटीचं मडकं फोडलं, इशाची नमाज पढली आणि अकरा वाजेपर्यंत शाळेतल्या गोष्टी चालल्या. कुणाला किती साखर, कुणाला किती बीपी, हेही निघालं. डॉक्टरने रियाधवाल्याला दटावलं, "परत जायच्या आधी माझ्याकडे रिकाम्या पोटी यायचं. मोहल्ल्यातल्या सगळ्यांच्या घरी जेवतोस, एक सकाळ मला दे."

रविवारी फज्रनंतर पनवेलच्या जुन्या गावात चालायला गेलो. इस्राईल तलावाच्या नावापाशी मुंब्रेकराच्या भाच्याने, जो गाडी चालवायला आला होता, विचारलं, हे नाव कसं? मास्तरने सांगितलं. रायगडात पूर्वी बेने इस्राईल म्हणजे यहुदी लोक गावोगाव होते. तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. मराठी बोलणारे लोक. १९४८ नंतर त्यांच्यातले बहुतेक इस्राईलला गेले. पनवेलला त्यांचं बेथ एल सिनेगॉग अजून आहे, नावं आहेत, कबरी आहेत. ते गेले ते कुटुंबासह आणि कायमचे. आपल्या माणसांचं तसं झालं नाही. आपल्याकडे माणूस जातो आणि कुटुंब मागे राहतं. गावात त्याने बांधलेलं दुमजली घर असतं, दाराला कुलूप असतं आणि शेजाऱ्याकडे किल्ली असते.

नाश्ता रियाधवाल्याच्या घरी होता. भाभींनी घावणे आणि नारळाचा रस केला होता. खाणं झाल्यावर पुणेकराने वही पुढे केली आणि म्हणाला, "भाभी, हा एक रकाना तुमच्यासाठी ठेवलाय." त्यांनी वही बारकाईने वाचली. मग आत जाऊन स्वतःची वही घेऊन आल्या. २०१८ पासूनचा घरखर्च, महिन्यामहिन्याचा. दूध, वीज, सोसायटी, शिकवणी, मदरशाची फी, सदका, सगळं. सरासरी निघाली अडतीस हजार.

"मग मी पाठवतो ते बाकीचं?" रियाधवाल्याने विचारलं.

"तुमच्या धाकट्या भावाच्या मुलांची फी, मग थोरलीचं लग्न, आणि राहिलेलं बँकेत. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही कुणाला तरी दिलं असतं," भाभी म्हणाल्या. सगळे हसलो. त्या हसल्या नाहीत. "भाई, आकडे तुम्ही बरोबर मांडलेत. पण मला भीती पैशाची नाही. हे चाळीस दिवस येतात, पाहुणा येतो तसे. त्यांच्या आवडीचं शिजतं, मुलं आवाज चढवत नाहीत. साडेसात वर्षं हे घर मी एकटीने चालवलंय. गॅस, शाळा, सोसायटीची मीटिंग, रात्री ताप आला तर दवाखाना. धाकटी अब्बांशी फोनवर तासभर बोलते आणि समोर आले की गप्प बसते. ते परत येतील ते रोजचा माणूस म्हणून आले पाहिजेत. मला त्याचीही सवय करायला वेळ लागेल, त्यांनाही."

साडेदहा वाजले होते. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. रियाधला तेव्हा सकाळचे आठ, ऑफिस उघडण्याची वेळ. त्याने नाव पाहिलं, फोन वाजू दिला, मग उचलून अरबीत एवढंच सांगितलं की मी सुट्टीवर आहे, अर्ध्या तासाने बोलतो. फोन ठेवून तो भाभींना म्हणाला, "जून २०२७. मुलाचं शेवटचं वर्ष संपतं तेव्हा." भाभींनी रकान्यात अडतीस लिहिलं आणि खाली तारीख लिहिली. इन्शाअल्लाह हा शब्द मात्र त्यांनी आधी लिहिला.

हे लिहायचं कारण आमचा एक मित्र नाही. येत्या ईदला कितीतरी घरांत माणसं सुट्टीवर येतील. बॅगा उघडतील, अत्तर-चॉकलेटं वाटली जातील, छत गळतंय, नळ दुरुस्त करायचाय, अमक्याच्या मुलासाठी व्हिसा बघ, हे सगळं होईल. होऊ द्या, त्यातही माया असते. पण त्या चाळीस दिवसांतला एक दिवस काढून वही घ्या आणि नवरा-बायको एकत्र बसा. मुलं मोठी असतील तर त्यांनाही बसवा. चार रकाने पुरे आहेत: हातात काय येणार, बँकेत काय आहे, लोकांकडे काय आहे, आणि घराला खरोखर किती लागतं. शेवटचा रकाना घर चालवणाऱ्या बाईने भरावा, तिच्याशिवाय तो कुणाला भरता येत नाही. मग खाली एक तारीख लिहा. ती पुढे-मागे होईल, तरी हरकत नाही. तारीख नसलेला माणूस "अजून दोन वर्षं" म्हणत म्हातारा होतो.

आणि मित्रांसाठी एक. परतून आलेल्याला मय्यतीला आल्यासारखं भेटू नका. नोकरी सुटली का, काही झालं का, असं दबक्या आवाजात विचारू नका. कुवेतीने रियाधवाल्याला सांगून ठेवलंय, दुकानाचा माल आणि खरेदी बघायला त्याला माणूस हवाच आहे. जून २०२७ ला नको असेल तर येऊ नको, पण जागा तोवर रिकामी ठेवतो. ही मेहेरबानी नाही, तीस वर्षं कंपनीचं गोदाम सांभाळलेला माणूस त्याला दुसरा कुठून मिळणार?

बावीस तारखेला तो गेला. डॉक्टरकडे रिकाम्या पोटी जाऊन आला होता, साखर थोडी वाढलेली निघाली. हप्त्यांचे दोन कागद सह्या होऊन भाभींच्या कपाटात आहेत. आता आम्ही त्याला फोन करतो तेव्हा एक गोष्ट पाळतो. सलाम झाला की आमच्यातला कुणीतरी विचारतो, "परत कधी?" आणि तो उरलेले महिने सांगतो.